आजोबांच्या नकाशातला साल्हेर

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात आजोबांचा बडोदा संस्थानाचा कापडावर चिकटवलेला नकाशा आहे. लहानपणी तो उलगडला की मला गंमत वाटायची कारण गायकवाडांचं राज्य एका जागी नव्हतंच, इथे एक तुकडा, तिथे एक, कडी प्रांत वरती, अमरेली पार सौराष्ट्रात, आणि खाली नवसारी प्रांत. त्या नवसारीच्या पण अगदी टोकाला, डांगाच्या पलीकडे, एक नाव होतं. साल्हेर. आजोबा त्यावर बोट ठेवून म्हणायचे, हे आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. ते महसूल खात्यात कारकून होते, सोनगडला बदली असताना १९४३ मध्ये साहेबाबरोबर साल्हेरच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलेले, पण काम संपलं आणि साहेब परत फिरला म्हणून वर चढायचं राहिलं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ते पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत. आज साल्हेर नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यात आहे, बडोद्यात कुणाला सांगितलं की हा किल्ला एकेकाळी आपला होता तर पटत नाही.

तर मला तिथे जायचंच होतं, आणि एकटीनं जायचं होतं. ग्रुपबरोबर गेलं की ग्रुपच्या घड्याळानं चालावं लागतं, आणि वर पोचल्यावर मला गप्प बसायचं होतं. चार महिने दर रविवारी पावागढ केला, रोपवे न घेता चांपानेरपासून पायी, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन. बाबांनी दोनच अटी घातल्या, रोज संध्याकाळी फोन आणि जिथे मुक्काम तिथल्या माणसाचा नंबर. आईनं ठेपले बांधून दिले, ते पाचव्या दिवसापर्यंत पुरले.

पहिला दिवस: बडोदा, सोनगड, नवापूर

डिसेंबरचा दुसरा आठवडा. पहाटेच्या गाडीनं सुरत, तिथून भुसावळ लाईनची गाडी पकडून उकाई सोनगड. सरळ बागलाणात जाता आलं असतं पण मला मुद्दाम सोनगडला उतरायचं होतं, कारण गायकवाडांची सुरुवातच तिथून झाली, पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा डोंगर घेतला आणि बडोद्याच्या आधी राजधानी म्हणजे सोनगड. किल्ला छोटा आहे, पाऊण तासात वर. तटबंदी बरीच उभी आहे, वरून उकाईचं पाणी चमकत होतं. आजोबा दोन वर्षं याच डोंगराखाली राहिले होते, कचेरी नक्की कुठे होती ते सांगू शकेल असं कुणी भेटलं नाही.

संध्याकाळी जीपनं नवापूर. नवापूरचं स्टेशन बघायला म्हणून खास गेले, अर्धं गुजरातेत अर्धं महाराष्ट्रात आहे, मधला बाक असा की एक टोक एका राज्यात आणि दुसरं टोक दुसऱ्या राज्यात. तिथे बसून बाबांना पहिला फोन केला. आम्ही बडोद्याची मराठी माणसं आयुष्यभर तसंच बसलेलो आहोत, घरात मराठी आणि ओटा उतरला की गुजराती, त्यामुळे मला तो बाक फार ओळखीचा वाटला.

दुसरा दिवस आणि तिसऱ्याची सकाळ: मांगीतुंगी

नवापूरहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, मग शेलबारीचा घाट ओलांडून ताहराबाद, सगळं एसटीनं आणि सगळीकडे वाट बघत, दिवस त्यातच गेला. पण घाट ओलांडल्यावर खिडकीतून पहिल्यांदा डोंगर दिसले आणि दिवसभराचा शीण गेला. सह्याद्री इथे वेगळा आहे, एकसलग भिंत नाही, सुट्टे सुट्टे उभे डोंगर, माथ्यावर काळा कातळ आणि खाली पिवळं गवत. शेतात कांदा आणि डाळिंब. शेजारी बसलेल्या आजीनं माझी सॅक बघून अहिराणीत विचारलं, "एकलीच उनी का माय?" हो म्हटलं तर तिनं पिशवीतून दोन डाळिंबं काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरेपर्यंत काही बोलली नाही.

मांगीतुंगीच्या पायथ्याला धर्मशाळेत राहिले आणि पहाटे साडेपाचला चढायला लागले. हे दोन सुळके जैन लोकांचं सिद्धक्षेत्र आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत त्यामुळे वाट चुकायची भीती नाही, पण पायऱ्या आहेत म्हणून सोपं समजू नका, मांड्या भरून येतात. बाजूच्या कातळात ऋषभदेवांची १०८ फूट उंच अखंड मूर्ती आहे, २०१६ च्या फेब्रुवारीत तिची प्रतिष्ठा झाली. खालून ती मूर्ती लहान वाटते, जवळ गेल्यावर कळतं. आधी मांगी, मग मधल्या वाटेनं तुंगी. तुंगीच्या सुळक्याला फेरी मारताना नैऋत्येकडे साल्हेर दिसला. त्याआधी फोटोत शंभरदा बघितलेला असून पण क्षणभर ओळखला नाही. सगळ्या डोंगरांच्या वर एक त्रिकोणी टोक, आणि त्याच्या कुशीत त्याचा जोडकिल्ला सालोटा.

तिसरा आणि चौथा: मुल्हेर, मोरा

मुल्हेर म्हणजे बागलाणच्या बागुल राजांची राजधानी, १६३८ मध्ये औरंगजेबानं ते राज्य संपवलं. गावात उद्धव महाराजांची समाधी आहे, कोजागिरीला इथे रासक्रीडेचा उत्सव होतो. गावातल्या एका घरात राहिले, तिथल्या काकूंनी रात्री गरम पाण्याची बादली दिली तेव्हा त्यांच्या पाया पडावं असं वाटलं.

किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते. माचीवरचं गणेश मंदिर आणि त्याच्या समोरचं तळं, थोडं पुढे झाडीत सोमेश्वराचं देऊळ, हे बघायला अर्धा दिवस हातात ठेवा. बालेकिल्ल्यावर मोती तलाव आणि भडंगनाथाचं मंदिर. मुल्हेर आणि शेजारच्या मोरा किल्ल्याच्या मधल्या खिंडीतून मोऱ्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी जाता येतं, ते पण केलं. लोक साल्हेरला जाताना मुल्हेर गाळतात, मला ते चुकीचं वाटतं. माची एवढी मोठी आहे की आपण नांदत्या शहरातून चाललोय असं वाटतं, जोती, तटबंदी, पाण्याची टाकी, आणि माणूस एकही नाही. चार तासात मला फक्त एक गुराखी दिसला.

संध्याकाळी दुधाच्या गाडीतून वाघांबे, साल्हेर-सालोट्याच्या पायथ्याचं गाव. रेंज गेली. ज्या घरी उतरले तिथल्या वहिनींनी सांगितलं फोन लावायचा तर उद्या खिंडीत लागेल.

पाचवा दिवस: सालोटा, आणि परत फिरणं

हा दिवस नीट लिहिते कारण पुढे एकट्यानं जाणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

वाघांब्यातून साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत यायला मला दोन तास लागले, वाट उघड्यावरची, पाणी कुठेही नाही, मी चार लिटर घेतलं होतं. खिंडीत पोचले तेव्हा दहा वाजलेले. उजवीकडे बघितलं की साल्हेरचा कडा, डावीकडे सालोटा. बाबांना फोन लागला, सालोट्यावर चाललेय म्हणून सांगितलं.

सालोट्याची वाट सुरुवातीला गवतातून जाते आणि मग कड्याच्या पोटाशी आडवी जाते. डिसेंबरचं गवत वाळून गुळगुळीत झालेलं असतं, त्याच्यावर पाय टिकत नाही, आणि गवत संपलं की घसारा. घसारा म्हणजे नुसती बारीक खडी, उतारावर पसरलेली, पाय ठेवला की पायाखालचं सगळं सावकाश खाली जायला लागतं. वाट जेमतेम एक पाऊल रुंद, उजव्या हाताला कातळ, डाव्या हाताला काही नाही. आणि वारा. खिंडीतून वारा असा घुसत होता की सॅक मला बाहेरच्या बाजूला ओढत होती.

त्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर माझा डावा पाय सरकला. मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात कातळाला लावले, उजवा तळवा सोलला, आणि सॅकच्या बाजूच्या खिशातली बाटली निसटली. तिचा आवाज मी ऐकत राहिले. आपटली, परत आपटली, मग बराच वेळ काही नाही, मग खूप खालून एक बारीक आवाज. मी तिथे किती वेळ बसले माहीत नाही. तळव्यातून रक्त येत होतं आणि त्यात खडीचे दोन बारीक तुकडे अडकले होते, ते मी नखानं काढले, आणि ते काढण्यात जो वेळ गेला त्यात डोकं जागेवर आलं. पुढे वीस पावलांवर पायऱ्या दिसत होत्या. वीस पावलं. पण माझ्या गुडघ्यांना कंप होता आणि मला आतून पक्कं कळलं की आत्ता नाही. बरोबर कुणी असतं तर कदाचित भरीस पडून गेले असते. एकटीनं जाताना ही जबाबदारी पूर्ण आपली असते, कुणी हो म्हणायला नाही आणि कुणी नको म्हणायला नाही.

परत फिरले. बसून, सरकत, एक एक हात करत. खिंडीत आल्यावर रडू आलं, ते मी येऊ दिलं. बाबांना फोन लावून सांगितलं की नाही जमलं, तर ते एवढंच म्हणाले, "खाली जा, जेव, झोप."

वाघांब्यात वहिनींनी हळद लावली, नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. मी काय झालं ते सांगितलं तर त्यांनी विचारलं किती वाजता गेली होतीस. दहा म्हटलं. त्या म्हणाल्या, "उन्हं चढली की खिंडीत वारा उठतो ताई, पहाटे जा, पहाटे वारा निजलेला असतो." मी घरी बसून एवढा अभ्यास केला होता, नकाशे बघितले, व्हिडिओ बघितले, हे मला कुठेच मिळालं नव्हतं.

सहावा दिवस: सालोटा परत, आणि साल्हेर

पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघाले. खिंडीत उजाडलं. वारा खरंच नव्हता, गवताचं पातं हलत नव्हतं. सॅक खिंडीतच दगडाआड ठेवली, पाणी आणि थोडा खाऊ एका छोट्या पिशवीत घेऊन पाठीला बांधला. आदल्या दिवशी जिथे सरकले तिथे माझ्या बुटाचा ओढलेला पट्टा खडीत तसाच होता. त्याच्या वरच्या अंगाला, कातळाला अगदी चिकटून, पाय टाकायला घट्ट जागा होती, काल सॅकमुळे मी कातळाशी एवढी जवळ येऊच शकले नव्हते. आठ-दहा मिनिटांत पट्टा पार. मग कोरलेल्या पायऱ्या, दरवाजा, परत पायऱ्या आणि माथा. माथा लहान आहे, टाकी आहेत, आणि समोर साल्हेर. सालोट्यावरून साल्हेर बघितल्याशिवाय तो कळत नाही. सगळा कडा समोर उभा, आणि त्या कड्यात नखानं ओरखडा काढावा तशी पायऱ्यांची रेघ, आणि मला तिथूनच जायचं होतं.

साडेनऊला परत खिंडीत, आणि साडेदहाला त्या पायऱ्यांखाली.

त्या पायऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकेक पायरी गुडघ्यापर्यंत येते, काही त्याच्या पण वर. मधोमध झिजून वाटीसारखी झालेली, त्या खळग्यात वाळलेलं शेवाळ आणि मातीचा थर. पाय मध्ये ठेवला तर घसरतो, कडेला ठेवला तर बसतो. सावलीत असल्यामुळे दगड इतका गार की सोललेल्या तळव्याला बरं वाटत होतं. डोंगराला आतून कापून काढलेल्या आहेत, म्हणजे दोन्ही बाजूला कातळ आणि आपण मधल्या खाचेतून वर. मी विचार करत होते, छिन्नी घेऊन कुणीतरी इथे लटकून बसला असेल, एक पायरी किती दिवसांत होत असेल, आणि त्याचं नाव कुठेही नाही. मग दरवाजा. दरवाजातून वाकून आत गेलं की परत पायऱ्या, परत दरवाजा. मग कड्याच्या पोटातून लांब आडवी वाट, बाजूला ओळीनं खोदलेल्या गुहा.

पठारावर आले तेव्हा एक वाजला होता. गंगासागर तलाव भरलेला होता, शेजारी रेणुकेच्या मंदिराचे अवशेष. मालेगावच्या कॉलेजच्या मुलांचा एक ग्रुप एका गुहेत उतरला होता, त्यांनी मला काकू म्हणून हाक मारली आणि भात खायला बोलावलं. मी शेजारच्या गुहेत सॅक टाकली. एकटी आले असले तरी रात्री हाकेच्या अंतरावर माणसं आहेत याचं बरं वाटलं, हे लपवण्यासारखं काही नाही.

त्या मुलांमधला एकजण इतिहासाचा होता, त्यानं जेवताना लढाईची जागा दाखवली. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, परत येताना बागलाणातूनच आले, आणि १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर घेतला. मुघलांनी वेढा घातला तेव्हा एका बाजूनं मोरोपंत पिंगळे आणि दुसऱ्या बाजूनं प्रतापराव गुजर आले आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये खालच्या मैदानात समोरासमोर लढाई झाली. गनिमी कावा नाही, उघड्या मैदानात मुघल फौज हरवली. मराठा सरदार सूर्याजी काकडे तिथेच पडले. मी सुरतेहूनच आले होते, गाडी, जीप, एसटी करत त्याच मुलखातून, त्यामुळे हे सगळं पुस्तकातलं वाटेना. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात साल्हेर आहे. फार आनंदाची गोष्ट आहे, पण त्या पायऱ्यांवर वेफरची पाकिटं पडलेली होती, मी जमतील तेवढी उचलली, मुलांनी पण उचलली, एक मोठी पिशवी भरली.

रात्री थंडीनं झोप आली नाही. स्लीपिंग बॅग होती, तरी गुहेच्या जमिनीतून गारठा वर येतो, खाली मॅट जाड घ्या.

सातवा दिवस: माथा

पहाटे पाचला एकटी निघाले. पठारावरून शेवटचा चढ सरळ आहे, अर्ध्या तासाचा, पण छाती भरून येते. वर परशुरामाचं छोटं देऊळ, आत पादुका. १५६७ मीटर. कळसूबाईनंतर महाराष्ट्राच्या सह्याद्रीत हेच सगळ्यात उंच टोक, आणि किल्ल्यांमध्ये महाराष्ट्रात याच्याहून उंच दुसरा नाही. परशुरामानं इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं अशी गोष्ट आहे.

सूर्य यायच्या आधी सगळे डोंगर निळे होते. मग एकेक उजळत गेले. मांगीतुंगी, हरगड, मुल्हेर, मोरा, दक्षिणेला धोडप आणि सप्तशृंग. मग मी देवळाच्या मागे जाऊन पश्चिमेकडे तोंड करून बसले. तिकडे डांग. नुसती धुक्यात बुडालेली झाडी, घडीवर घडी. आजोबा त्या बाजूनं आले होते. ते कुठल्या झाडाखाली, कुठल्या बांधावर उभे राहून वर बघत होते ते कळायला मार्ग नाही, पण ज्या टोकाकडे बघत होते त्या टोकावर मी होते. तासभर बसले. पादुकांपुढे एक डाळिंब ठेवलं, त्या आजीनं दिलेल्यातलं दुसरं.

साल्हेरवाडीच्या बाजूनं उतरले. गावात चहाला थांबले तर ओट्यावर एक वयस्कर बाबा बसलेले, त्यांनी विचारलं कुठून. बडोदा म्हटलं. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे गायकवाडीतून. आम्ही पण गायकवाडीतलेच. माझा बाप सारा भरायचा बडोद्याला." मला पुढचं काही सुचेना. मी त्यांना आजोबांचं नाव सांगितलं, त्यांना अर्थातच माहीत नव्हतं, त्यांनी तरी दोनदा म्हणून बघितलं. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

येताना मुद्दाम डांगातून आले, चिंचलीवरून जीपनं आहवा, आहव्याहून सुरतेची बस, मग रात्रीची गाडी. मधला रस्ता जंगलातला आहे आणि सुंदर आहे, पण मी निम्मा झोपेत काढला.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. बाबा जागे होते, टेबलावर नकाशा उलगडून बसलेले, कडेला चार वाट्या ठेवलेल्या म्हणजे गुंडाळला जाऊ नये. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, त्या पायऱ्या किती उंच आहेत ते विचारलं, बहुतेक आजोबांनी खालून बघून त्यांना कधीतरी सांगितलं असणार. आमच्या घराचा जिना जुना आहे, लाकडी, चांगला उभा. मी खालच्या पायरीशी गेले, बाबा कठड्याला धरून मागे आले, आणि मी दुसऱ्या पायरीच्या वर चार बोटं हात ठेवून दाखवलं, इथवर. त्यांनी वाकून तिथे हात लावून बघितला.